शिल्लक निरंक

जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांचा चार्ज कुणाकडे जावा, हे कुठल्याही शासन निर्णयात सापडत नाही. ज्याचं अक्षर चांगलं आणि ‘नाही’ म्हणायचा आवाज बारीक, त्याच्याकडे तो जातो. मग बदली झाल्याशिवाय सुटत नाही. शाळेत ते कुणी का असेनात, तालुक्यात ‘पुस्तकवाले सर’.

बाकीचे गुरुजी मे महिन्यात लग्नं जेवत फिरतात, तेव्हा सर ग्रुपवरचं ‘अति तातडीचे’ वाचत असतात. बालभारतीचे गठ्ठे तालुक्याला, तिथून केंद्रशाळेत आणि पुढे सरांच्या मोटरसायकलवर. टाकीवर पहिली-दुसरी, मागे सहावी-सातवी, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत पोच. पुस्तकं भिजली तर वाळवता येतात.

मागणी जाते गेल्या वर्षीच्या यू-डायसच्या पटावर, पोरं येतात यंदाची. चौथीला दोन संच कमी, तिसरीला तीन जादा, हे ठरलेलंच. कमी पडली की सर निवांत. खापर वर फोडता येतं. जादा पुस्तक मात्र झोप उडवतं. ते दाखवायचं कुठल्या रकान्यात? मग शेजारच्या शाळेशी सोयरीक जुळवल्यासारखी बोलणी सुरू होतात. ‘तुमच्याकडे सेमीचं गणित कमी आहे ना? आमच्याकडे एक आहे. कव्हर जरा दुमडलंय, पण आतून चांगलं आहे.’

2023-24 ला पुस्तकांचे चार भाग झाले, मध्ये वहीची पानं आली. पोरांचं दप्तर हलकं झालं आणि सरांचं रजिस्टर फुगलं. एकाला दुसरा भाग दोनदा, दुसऱ्याला एकदाही नाही. 2025-26 पासून तो प्रयोग गुंडाळला गेला, तेव्हा शाळेत पेढे वाटावेत असं फक्त सरांनाच वाटलं.

वाटपाच्या दिवशी पोरं नव्या पुस्तकाचा वास घेतात. सर ओरडतात, ‘आधी सही!’ पहिलीतल्या पोराला अजून अ येत नाही, म्हणून त्याच्या आजीचा अंगठा. फुकटच्या वस्तूचा हिशेब विकतच्यापेक्षा कडक असतो, हे सरांना पक्कं ठाऊक आहे. वसुली पगारातून झाली तर, ही धास्तीही खोटी नाही.

एका पावसाळ्यात उंदरांनी पाचवीचा परिसर अभ्यास खाल्ला. निर्लेखन झाल्याशिवाय साठ्यातून काही कमी होत नाही. सरांनी तुकडे गोळा केले, पिशवीत भरले आणि पिशवीवर अनुक्रमांक टाकला.

केंद्रप्रमुख तपासणीला आले. जमा, वाटप, शिल्लक, सगळं जुळलं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, ‘पोरांची पोरांना दिलीत, शिल्लक निरंक. मग तुम्ही शिकवता कशावरून?’

‘पोराकडून मागून घेतो साहेब. तास संपला की परत.’

‘देतात लगेच?’

‘सही घेतात.’