प्रबंध कंपाइल होतोय

गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र, कुठल्याही विभागाच्या पीएचडीच्या खोलीत डोकावा, हा गृहस्थ सापडणारच. त्याला ‘लिखाण कुठवर आलं?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे : ‘लिखाणाचं काय घेऊन बसलात, एकदा सेटअप झाला की झालंच!’

सेटअप म्हणजे लाटेकचा, अक्षरजुळणीच्या प्रणालीचा. वर्डमध्ये प्रबंध लिहिणाऱ्यांची त्याला मनापासून कीव येते. यात त्याचं सगळंच चूक नाही बरं का. मधेच एखादं समीकरण घुसवलं, तरी पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे उल्लेख लाटेक आपणहून बदलतं. फक्त फाइल दोनदा कंपाइल करायची. पहिल्या खेपेला नव्या उल्लेखांत क्रमांकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि नवखा माणूस हबकतो.

सुरुवात ‘टेक लाइव्ह’ या लाटेकच्या संचापासून. लहान संच घेऊन लागेल ते पॅकेज नंतर घालता येतं, पण ‘असू दे, लागलं तर?’ म्हणून हा कित्येक जीबींचा पूर्ण संच होस्टेलच्या वायफायवर रात्रभर उतरवतो. मग एडिटर. टेकस्टुडिओ बाळबोध वाटतो, व्हीएस कोड जड वाटतो, म्हणून इमॅक्स. मग गिट, कोऱ्या प्रबंधाच्या आवृत्त्या जपायला.

खरी गंमत अर्पणपत्रिकेची. ‘आई-बाबांस’ एवढे दोन शब्द मराठीत हवेत, म्हणून पीडीएफलाटेक सोडून झीलाटेक आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका फॉन्ट. मग मुखपृष्ठही मराठीतच हवं. फॉन्टला लिपी देवनागरी असल्याचं सांगायचं राहून गेलं की मुखपृष्ठावरच्या ‘विद्यापीठ’मधली वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि ‘द’ पाय मोडून पडतो. या एका ओळीपायी त्याचा रविवार जातो. प्रकरण पहिलं तसंच कोरं.

त्यात लॉग फाइल तक्रार करते, ‘ओव्हरफुल एचबॉक्स’. म्हणजे ओळ समासाबाहेर गेली. किती, तर दीड पॉइंट! लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकच्या हिशेबात इंचात 72.27 पॉइंट. परीक्षकाला भिंगातून दिसणार नाही, पण याला झोप लागत नाही.

फार टोकलं तर तो डोनाल्ड नूथची साक्ष काढतो. 1977 साली आपल्याच बहुखंडी ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून स्टॅनफर्डचे हे प्राध्यापक इतके नाराज झाले की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम, म्हणजे हे टेक, स्वतःच लिहायला बसले. एका सुटीत आटपेल म्हणाले, गेली दहाएक वर्षं. ग्रंथाचा तिसरा खंड 1973चा, पुढचा 4अ थेट 2011चा. टेकच्या आवृत्तीचा आकडाही गणितातल्या पायच्या (π) दिशेने एकेक दशांश सरकतो. असा गुरू लाभल्यावर शिष्याने कशाला घाई करावी?

शेवटी गाइड मॅडम म्हणतात, ‘पीडीएफ नको रे, वर्डची फाइल पाठव, मला ट्रॅक चेंजेस लावायचेत.’ त्या रात्री तो लाटेकचं वर्ड करून देणारं पॅनडॉक बसवायला घेतो.

तुम्हालाही लाटेक शिकायचं असेल तर त्याच्याकडेच जा. जीव ओतून शिकवतो. मात्र सबमिशन महिन्यावर आलं असेल, तर त्याच्या खोलीवरून जातानाही थांबू नका.