चारित्र्याचा दाखला

संगणकात ट्रोजन शिरला की मराठी घरात पहिला प्रश्न तांत्रिक नसतो, नैतिक असतो. ‘कुठल्या साइटवर गेला होतास?’ हे घरातल्या सर्वांत तरुण मुलाला चारचौघांत विचारलं जातं. तो ‘कुठेच नाही’ म्हणाला की गुन्हा शाबीत.

२००८ साली डोंबिवलीच्या मावशीकडे हा खटला ऐन रंगात असताना मला बोलावणं आलं. नातेवाइकांत कॉम्प्युटरवाला म्हणून माझी ख्याती होती. प्रिंटर जोडता येणाऱ्या कुणाचीही असते. आरोपी बारावीतला मावसभाऊ, खाली मान घालून बसलेला. पडद्यावर सारखी एक खिडकी उघडत होती: तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, अमुक डॉलर भरा, काढून देतो. घाण करणारा आणि झाडायचे पैसे मागणारा एकच. वुंडो नावाच्या ट्रोजनचा हा धंदाच होता.

मी ब्राउझरचा इतिहास उघडला. मुलाच्या लॉगिनचा कोरा करकरीत. पोरगं हुशार आहे. काकांचा भरगच्च: पंचांग, रेल्वेचं आरक्षण, नाट्यगीतं आणि एका देवस्थानाची साइट, रोज पहाटे. संशय कुठे वळतोय हे पाहून मावशी म्हणाली, “देवाच्या साइटवर कसा असेल रे व्हायरस?”

सगळा घोळ इथेच आहे. चोर आपली स्वतंत्र वाईट साइट काढून गिऱ्हाइकाची वाट बघत बसेलच असं नाही. तो भल्या माणसाच्या ढिसाळ साइटमध्ये शिरतो, पानात डोळ्यांना न दिसणारी चौकट बसवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरला तिच्यातून परस्पर आपल्या सर्व्हरशी बोलायला लावतो. २००७ च्या ऑगस्टअखेर खुद्द बँक ऑफ इंडियाच्या साइटवर अशी अदृश्य चौकट सापडली होती. मुदत ठेवीचा व्याजदर बघायला गेलेल्या माणसाने कोणतं पाप केलं होतं? तिकडचा सर्व्हर पाहुण्याचं चारित्र्य विचारत नाही, वय विचारतो. ब्राउझर कितवा, जावा कुठलं, फ्लॅश कधीचं? त्यात एखादं जुनं आणि भोक ठाऊक असलेलं निघालं की काम फत्ते. पाहुण्याला क्लिकसुद्धा करावं लागत नाही.

काकांकडे तर जावाच्या पिढ्या नांदत होत्या. त्या काळी नवं जावा बसवलं तरी जुनं निघत नसे. पागडीच्या भाडेकरूसारखं ते जागा अडवून बसायचं, आणि ट्रोजनला हवं तर त्याच्याच दाराने आत येता यायचं. शिवाय विंडोजचे अपडेट. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भोकं बुजवायचा माल पाठवतं. अंगारकीचा मंगळवार जन्मात न चुकवलेले काका या मंगळवारी मात्र नेमाने ‘रिमाइंड मी लेटर’वर टिचकी मारत. “मशीन बंद करून परत चालू करा म्हणतंय. चाललंय ते उगाच कशाला बंद करा?”

आता काढायचा कसा? आधी मी नेटची वायर उपटली, कारण ट्रोजन जिवंत असेपर्यंत बाहेरून भाऊबंद बोलावत राहतो. मग एफ-८ दाबून सेफ मोड. विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये वुंडोची फाइल होती, नाव कुठल्याही जिभेला न पेलणारं. डिलीट म्हटलं तर विंडोज म्हणे, फाइल वापरात आहे. कोण वापरतंय? तर लोकांना लॉगिन करून घेणारा विंडोजचाच खास कारभारी. त्याला मारावं तर मशीन निळं पडून बेशुद्ध. अँटिव्हायरस चालू करावा तर ट्रोजन त्याला नावानिशी ओळखून बंद पाडी. शेवटी मी त्या प्रोग्रामच्या फाइलचं नाव बदलून ‘मावशी’ ठेवलं. मग तो बिनबोभाट चालला. मावशीला अडवायची हिंमत त्या घरात कुणाचीच नव्हती.

पुढे सिस्टिम रिस्टोर बंद केलं, कारण विंडोज भाबडेपणाने ट्रोजनचीही प्रत जपून ठेवतं. जुनी जावा उपटली, तुंबलेले अपडेट रात्रभर घेतले, आणि काकांना बँकेचा पासवर्ड शेजाऱ्यांच्या धडधाकट मशीनवरून बदलायला लावला. लोक इथेच आळस करतात. पण जाणाऱ्याने जाताना काय नेलं ते कळायला मार्ग नसतो. खरं विचाराल तर हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं हाच पक्का इलाज. पण तिच्यावर मुंजीचे सगळे फोटो होते आणि दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

ही हकिगत ऐकून आमचे न्यू जर्सीचे दादा फोनवर पोटभर हसले. मॅकला व्हायरस होत नाही, हे ते गोत्राच्या अभिमानाने सांगत. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये फ्लॅशबॅक नावाच्या ट्रोजनने सहा लाखांच्या आसपास मॅक गाठल्याची बातमी आली. भोक पुन्हा जावाचंच. ओरॅकलने ते फेब्रुवारीत बुजवलं होतं; पण मॅकवरचं जावा अॅपल स्वतःच्या हाताने वाढायचं, आणि त्यांनी एप्रिल उजाडू दिला. नंतर ट्रोजन काढायचं साधनही अॅपलनेच दिलं. दादांनी ते चालवलं का, हे कुणी विचारलं नाही. ते वयाने मोठे आहेत, आणि मोठ्यांना चारित्र्याबद्दल विचारायची आमच्यात पद्धत नाही.

काका मात्र सुधारले. जरा जास्तच सुधारले. मध्यंतरी त्यांचा फोन आला.

“तुझं ऐकून आता अपडेट आला की लगेच घेतो हं. आत्ताच एक साइट बघताना आला होता. घेतला.”

“कशाचा, काका?”

“फ्लॅश प्लेयरचा.”

“अहो काका, फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला गेला!”

“अरेरे,” काका म्हणाले, “आम्हाला कुणी कळवलंच नाही.”