वाणवेडे नाना

चिखली-मेहकर पट्ट्यात गावागणिक एक तरी नाना असतातच. लग्नात भेटले तर तब्येत विचारणार नाहीत. "हरभरा कोन्ता पेरला?" हा पहिला प्रश्न. तुम्ही नोकरीवाले, पुण्यात राहता, हे त्यांच्या लेखी उत्तरच नाही.

आमच्या नानांच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात दरसाल मर लागते. हिरवं झाड उभ्या उभ्या मान टाकतं. नाना ते उपटतात, मुळाजवळ नखानं चिरतात आणि आतली काळपट रेघ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. ही फ्युजॅरियम बुरशी. हरभरा नसला तरी मातीत सहा वर्षं तग धरते. शहाणा माणूस तिथं ज्वारी पेरेल. नानांनी कोपरा जपून ठेवलाय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवार फेरी चुकवायची नाही, नव्या वाणाचं मूठभर बियाणं कुठूनही मिळवायचं आणि नेमकं तिथंच टोकायचं. अकोल्याचाच जॅकी ९२१८ तिथं पास झाला तेव्हा कुठं तो वरच्या वावरात गेला.

मधे एक ओळ मात्र जुन्या, हमखास मरणाऱ्या वाणाची. ती मेली नाही, तर बाकीचे जगले त्यात कसलं कौतुक? संशोधकही रोगट जमीन अशीच राखतात, अशीच ओळ लावतात. पण त्यांना पगार असतो.

एकदा "मेला रे मेला!" ओरडत नाना धुऱ्यावरून पळत आले. शेजारी खाट घेऊन धावले. नानांच्या हातात वाळकं झाड, तोंडभर हसू. काकू म्हणाल्या, "लोकाच्या घरी पीक आल्याचे पेढे, आमच्या घरी मेल्याचे!"

खामगावच्या एका लग्नात हिरवळीवर पिवळे चट्टे पडले होते. अक्षता पडत होत्या आणि नाना उकिडवे. "बुरशी हाय ही. पन मधातला हा झुपका काऊन वाचला?" झुपका खिशात गेला. हसू नका. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या रीड फंक यांनीही जुन्या बागा, कब्रस्तानं धुंडाळून तगलेलं गवतच गोळा केलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या अशा गवतातून १९६७ साली 'मॅनहॅटन' हे वाण निघालं.

नानांना हे सांगितलं, तर म्हणाले, "बराबर हाय. पन बुरशीबी शिकते, बावा." खरंच, तिच्याही जाती निघतात, म्हणून कोपरा दरसाल चालूच.

नानांना हसणारे सगळे बियाण्याच्या दुकानात जायच्या आधी गुपचूप तो कोपरा पाहून येतात. तुम्हीही या. फक्त घाईत येऊ नका. प्रत्येक मेलेलं झाड दाखवल्याशिवाय नाना चहा विचारत नाहीत.