पंडरीत टॅरोची गादी कशी मांडावी

टॅरोचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या होतकरू मंडळींची पहिली चूक अशी की ती आधी पत्ते विकत घेतात. आधी जागा घ्यावी. रायपुरात या कामाला पंडरीइतकी सोयीची जागा नाही. छत्तीसगडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून, ओडिशाच्या सीमेकडूनसुद्धा, लोक लग्नाचा बस्ता बांधायला इथल्या कापडबाजारात येतात, आणि बस्ता बांधायला निघालेल्या कुटुंबाइतके भविष्याच्या काळजीने पोखरलेले कुटुंब दुसरे सापडणार नाही. जावई कसा निघेल, सासू कशी असेल आणि दुकानदाराने सांगितलेला भाव खरा आहे का, हे तीन प्रश्न त्यांच्या पिशवीत असतातच. तिसऱ्याचे उत्तर कोणताही पत्ता देत नाही. पहिल्या दोहोंवर आपली गादी चालते. शिवाय प्रशिक्षणाचा खर्च वाचतो. साडीच्या कोणत्याही दुकानात कोपऱ्यात बसून पाहावे. गादीवरचा मुरलेला विक्रेता काय हवे ते फारसे विचारत नाही. एकामागून एक साडी उलगडत जातो आणि पाहतो मात्र बाईच्या डोळ्यांकडे. डोळे जिथे थांबले तिथे म्हणतो, "ही तुमच्यासाठीच आलीय, वहिनी." टॅरोवाचन ते हेच. पत्त्याचा अर्थ पत्त्यात नसतो, तो गिऱ्हाईक घरून घेऊन येते. आपण फक्त उलगडून दाखवायचा.

आता इतिहास. पत्ते किती जुने, असे कुणी विचारले तर डोळे किंचित मिटून "इजिप्त" एवढेच म्हणावे. खरा इतिहास सांगू नये, तो धंद्याला मारक आहे. हे पत्ते पंधराव्या शतकात, 1440च्या सुमारास, उत्तर इटलीतल्या मिलान-फेरारासारख्या दरबारी शहरांत दिसू लागले आणि ते खेळण्यासाठी होते: हुकूम मारायचा, हात उचलायचे, गुण मोजायचे. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ युरोप त्यांच्याशी खेळला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही खेळतात. मग 1781 साली पॅरिसमध्ये आन्त्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले की हे इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी इजिप्तची लिपी युरोपात एकालाही वाचता येत नव्हती. रोझेटा शिला सापडली 1799 मध्ये, शांपोलियॉंने लिपी उलगडली 1822 मध्ये. म्हणजे मजकूर वाचता येण्याच्या 41 वर्षे आधी त्याचा अर्थ ठरला होता, आणि लिपी उलगडल्यावर तो बदलण्याची गरज कुणाला वाटली नाही. पुढे आलिएत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलटे लिहून 'एतेइला' हे गूढ नाव घेतले आणि खास भविष्यासाठी पत्त्यांचा जोड काढला. आज बाजारात सर्वाधिक खपणारा जोड 1909 चा, लंडनचा: कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. एवढ्या मोठ्या कामाचे पैसे फार थोडे मिळाल्याचे पामेलाबाईंनी पत्रात लिहून ठेवले आहे. होतकरूंनी यातून बोध घ्यावा: चित्रे काढू नयेत, वाचावीत.

इथे एखादा चिकित्सक गिऱ्हाईक म्हणेल की जन्म खेळातून झाला असेना, चित्रांत शक्ती असू शकते. या आक्षेपाला उत्तर सावंतवाडीत आहे. तिथल्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पाने असतात, दहा रंगांत प्रत्येकी बारा, आणि त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशी साक्षात देवमंडळी विराजमान असतात. चित्रातून भविष्य बोलत असते तर पहिला मान या पानांचा होता. पण कोकणातला माणूस या देवांना घेऊन पत्ते कुटत बसला आणि भविष्याचा प्रश्न पडला की उठून देवळात कौल लावायला गेला. तिकडे इटलीच्या पत्त्यांवर एक फाटका भटक्या, एक जादूगार, एक उलटा टांगलेला माणूस, आणि त्यांना मात्र त्रिकालज्ञानाची पदवी. फरक चित्रांत नाही. पॅरिसमध्ये कुणीतरी गादी मांडली आणि सावंतवाडीत मांडली नाही, एवढाच आहे.

पत्त्यांची ओळख थोडक्यात उरकू. एकूण 78. त्यांतले 22 मोठे, म्हणजे 'मेजर अर्काना', शून्य क्रमांकाच्या फूलपासून एकविसाव्या वर्ल्डपर्यंत. उरलेले 56 लहान, चार रंगांत प्रत्येकी चौदा: कप्स भावनांचे, पेंटॅकल्स पैशाचे, सोर्ड्स भांडणाचे व विचाराचे, वँड्स उद्योगाचे. माणसाच्या काळज्याही साधारण याच चार, त्यामुळे कोणताही रंग निघाला तरी तो गिऱ्हाइकाच्या घरी आहेच. तीन पत्ते मांडले, भूत-वर्तमान-भविष्य, तर 4,56,456 प्रकारे मांडता येतात. सुलटे-उलटे धरले तर 36,51,648. हे आकडे पाटीवर जरूर लिहावेत. लग्न, नोकरी, मूल, घर आणि कोर्टातली केस हे पाच प्रश्न आले की गिऱ्हाइकांचे बहुतेक प्रश्न संपतात, हे लिहू नये.

अर्थ पाठ करताना मात्र एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे, आणि माझ्या मते या विद्येचा सगळा पुरावा तिच्यातच आहे. तेरावा पत्ता डेथ: घोड्यावर बसलेला सांगाडा. वेटसाहेबांनी स्वतः आपल्या पुस्तकात त्याचा अर्थ अंत, मरण, विनाश असा सरळ दिला होता. कुमारिकेला तो निघाला तर ठरत आलेले लग्न मोडेल, असेही बजावले होते. आजचे कोणतेही मार्गदर्शक उघडा: डेथ म्हणजे परिवर्तन, जुने सुटून नवे येणे, मुळीच घाबरू नका. सोळावा टॉवर, वीज पडून कोसळणारा मनोरा, वेटकडे दुर्दशा आणि सर्वनाश. आता तो 'डोळे उघडणारा क्षण'. टेन ऑफ सोर्ड्समध्ये एक माणूस पालथा पडला आहे आणि त्याच्या पाठीत दहा तलवारी खुपसलेल्या आहेत. आता सांगतात की वाईट काळ संपला. त्या माणसाला विचारायची सोय नाही. चित्र तेच, क्रमांक तोच, अर्थ तेवढा सरकला, आणि सरकला तो गोडाच्या दिशेने. अर्थ पत्त्यातून आला असता तर एखादा तरी कडूकडे सरकायला हवा होता. तुलनेला रायपुरातल्या घरोघरच्या रामचरितमानसातली रामशलाका प्रश्नावली घ्या. 225 घरे, दर नववे अक्षर, नऊ चौपाया. त्यांतल्या काही आजही तोंडावर सांगतात की काम होणे कठीण आहे, सोडून दे. ती गोड झाली नाही, कारण तिला गिऱ्हाईक टिकवायचे नव्हते. आपल्याला टिकवायचे आहे.

म्हणून प्रत्यक्ष वाचनात पत्त्यापेक्षा वाक्य महत्त्वाचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना 'तुमचे स्वभाववर्णन' म्हणून एकेक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांना मजकूर एकच होता, तोही मुख्यतः रस्त्यावर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उतरवलेला. पंडरीसाठी याची मराठी आवृत्ती अशी: "तुम्ही सगळ्यांसाठी खूप करता, पण त्याची जाण कुणी ठेवत नाही." हे वाक्य नवरीच्या आईला लागू पडते, नवऱ्याच्या बापाला लागू पडते आणि दुकानातल्या मुनीमजींना तर रडू आणते. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीकडचे मराठी कुटुंब आले तर जरा वेगळी तयारी हवी. ते बसतानाच सांगतील, "आमचा काही विश्वास नाही हं, सहज गंमत म्हणून." त्यांना मॅडम म्हणू नये, काकू म्हणावे, आणि पैसे आधी घ्यावेत.

आता दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला: "पण लोकांना अनुभव येतो." अनुभव मोजायचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे, पत्त्यांवर नव्हे पण पत्रिकांवर. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. बरोबर निघाले सरासरी 46 टक्के. नाणे उडवले असते तर 50च्या आसपास निघाले असते. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, पण नाण्याला दक्षिणा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे: "टॅरो भविष्य सांगतच नाही, तो माणसाला स्वतःकडे बघायला लावतो." हे मला मान्य आहे. कुणीतरी समोर बसून वीस मिनिटे ऐकून घेणे ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि बिलात प्रामाणिक रक्कम लावता येईल अशी तीच एक. पण मग त्यासाठी गंजिफा चालेल, सापशिडीचा पट चालेल, आणि बाहेरच्या फलकावर 'तीन महिन्यांत विवाहयोग' असे लिहायचे कारण उरत नाही. आरसा असल्याचा दावा आणि दुर्बीण असल्याची फी, दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

एका प्रश्नापाशी मात्र थट्टा थांबवावी लागते. आज ना उद्या एखादे गिऱ्हाईक आवाज खाली आणून विचारेल, "आमच्यावर कुणी काही केलंय का?" हाताशी क्वीन ऑफ सोर्ड्स असेल, हाय प्रिस्टेस असेल, बोट दाखवायला बाईचे चित्र लागते तेवढे जोडात भरपूर आहे. गिऱ्हाईक नावही घरून घेऊनच आलेले असते: शेजारीण, विधवा काकू, जमिनीत वाटा असलेली भावजय. या राज्यात 'टोनही', म्हणजे चेटकीण, ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, त्यांचे जीव गेले आहेत, म्हणूनच छत्तीसगडने 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. एखाद्या स्त्रीला टोनही म्हणून ओळख देणे एवढ्यालाच त्यात तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि झाडफूक करून बरे करतो असे म्हणणाऱ्यालाही तितकीच. गोड अर्थ विकताना फार तर कुणाचे पैसे बुडतात. इथे गिऱ्हाइकाच्या मनातला अर्थ उलगडून दाखवला तर तिसऱ्याच माणसाचे डोके फुटते. त्या प्रश्नाला पत्ते पालथे घालून "कुणी काही केलेले नाही" असे स्पष्ट म्हणावे. संपूर्ण व्यवसायात खात्रीने खरे ठरणारे वाक्य ते एवढेच.

आणि कुणी आजारी माणसाला घेऊन आले तर पत्ते पेटीतून काढूच नयेत. जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे.