कपाटस्थ लहरी

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीने, तीन सभा आणि एक उपसमिती खर्ची घालून, सभासदांच्या सार्वजनिक उपयोगार्थ जो वाय-फायचा राउटर आणविला, तो चोरीस जाऊ नये म्हणून संस्थेच्या दप्तरातील लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आहे.

धातूचा पत्रा रेडिओलहरींना वाट देत नाही, ही गोष्ट मी सचिवांच्या कानी घातली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "नाना, ते हवेतूनच जातं ना? मग कपाटात हवा नाही का?" हवा होती, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट होती. तथापि तक्रारी वाढल्या, आणि तोडगा असा निघाला की, सायंकाळी ७ ते ९ कपाट उघडे ठेवावे व तेवढा वेळ पहारेकऱ्याने त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसावे. परंतु मनुष्यदेहात जलांश फार आणि जलाचा धर्म या लहरी शोषून घेण्याचा, त्यामुळे कपाटातून सुटलेल्या लहरी पहारेकऱ्याच्याच अंगी मुरू लागल्या. मग मजल्यागणिक एक राउटर, अर्थातच मजल्यागणिक एक कपाट, अशी तजवीज झाली, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायांत न येणारे १, ६ व ११ असे तीनच चॅनेल असताना, कोणावर अन्याय नको म्हणून सर्वांना ६ हाच बहाल करण्यात आला. आता सातच्या ठोक्याला सगळी दारे एकदम उघडतात आणि सगळे राउटर एकमेकांवर ओरडू लागतात.

हसण्यासारखे येथवरच. ज्या वास्तूच्या आराखड्यात देवघर, चपलांचा कोनाडा आणि धुलाईयंत्राचा कोपरा यांची साक्षेपाने योजना झाली, तीत गिलाव्यापूर्वी घराघरात एक इंची रिकामी नळी टाकण्याचे एकाही शहाण्यास सुचू नये? तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आमचे सर्वांत दूरचे घरही त्याच्या निम्म्यात बसते. पण नळीच नाही! म्हणून गच्चीवरून सोडलेल्या काळ्या केबली, सांडपाण्याच्या पाइपाला सुतळीने बांधलेल्या, खिडक्यांच्या जाळ्यांतून घरोघरी शिरतात, त्यांवर कोणी टॉवेल वाळत घालतो, आणि बाहेरून एक नीट पन्हळी बसवा म्हटले, तर इमारतीच्या सौंदर्यास बाधा येते असे हेच लोक मला ऐकवतात. सौंदर्य!

अभ्यासिकेतील मुलांसाठी पासवर्ड लिहून लावावा, ही माझी सूचना मात्र मान्य झाली. तो कागद गोपनीयतेस्तव दप्तरातील जुन्या कपाटातच लावला असून, त्याची किल्ली खजिनदारांबरोबर तूर्त बंगळुरूस आहे.