साडूंची नळी आणि सासूबाईंचं सोवळं

जालन्यात नळीला मान आहे. शेजारणीला मिक्सर उसना मिळेल, भरलेला सिलिंडर मिळेल, मुलगी दाखवायच्या दिवशी चार खुर्च्याही मिळतील. पण नळाची नळी मागितली, तर उंबऱ्यातूनच ‘आमालाच लागायलीय’ असं उत्तर येतं. पाणी घाणेवाडीचं असो की जायकवाडीचं, ते सुटल्याचा फोन आला की लग्नाला गेलेली माणसं अक्षता टाकून पंगतीआधीच घर गाठतात. अशा गावात नळी अंगणात लोळत पडलेली दिसायची नाही. आमच्याकडे ती देवघराच्या भिंतीलाच खुंटीवर असते, आणि उदबत्ती ओवाळताना सासूबाईंचा हात तिच्याकडेही थोडा वळतो असा माझा संशय आहे.

सासूबाई आम्हा दोन जावयांकडे आलटून पालटून राहतात. त्यामुळे दोन्ही घरांत कायदा त्यांचाच. साडूंनी जेव्हा ‘नळी ठेवायला एक चांगली जागा करायचीय’ असं जाहीर केलं, तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्या, “करा की. शहाणं माणूस नळी जपतंच.” ती नळी कुठली, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

साडूंचं नव्या मोंढ्यात ठिबक आणि पाइपचं दुकान आहे. जालना-अंबडकडच्या मोसंबीच्या बागांना पाणी पाजण्यात त्यांची उमर गेली. सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते कात्रण त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं होतं. दिवाळीनंतर ते पुण्याला गेले आणि तिथून एक वापरलेली कॅराव्हॅन घेऊन आले. आरसी बुकावर रीतसर नोंद, आत चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, आणि ओट्यापासून तीन पावलांवर संडास. सासूबाई आत चढल्या, त्यांनी ते अंतर नजरेनं मोजलं आणि काही न बोलता उतरल्या.

गाडीच्या पोटात तीन टाक्या. एकीत प्यायचं-वापरायचं पाणी. दुसरीत ओट्याचं आणि अंघोळीचं सांडपाणी, हिला अमेरिकेत करडी टाकी म्हणतात. तिसरीला काळी म्हणतात आणि का म्हणतात ते विचारायचं नसतं. रिकामं करताना आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप विसळली जाते. हा क्रम सासूबाईंना लगेच पटला. त्यांचा आक्षेप पुढचा होता. विसळलेली नळी आधीच्या मालकानं युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून मागच्या पलंगाखाली ठेवली होती, आणि त्या पलंगावर सासूबाईंची वळकटी पडायची होती.

अमेरिकेत हा मोठा घरगुती प्रश्न आहे. तिकडे गाडी तळावर नेली की जमिनीत झाकणाचं भोक असतं. त्यात तीन इंची नळी खोचायची, खटका ओढायचा, काम झालं. खरी कसोटी त्यानंतर, ती ओली नळी ठेवायची कुठं? तिकडच्या कित्येक ट्रेलरांचा मागचा बंपर चार इंची, चौकोनी आणि पोकळ असतो. नळी त्यात सरकवली की दोन्ही टोकांना टोपण. ज्यांचं तेवढ्यानं भागत नाही ते हौशी लोक कुंपणाला लावायचा प्लास्टिकचा पोकळ खांब आणतात, चेसीखाली आवळतात, एका टोकाला बिजागरीचं दार करतात, हवा खेळावी म्हणून तळाला भोकं पाडतात. साडूंनी मला अशा कारागिरीचा एक व्हिडिओ दाखवला. एक आजोबा खांबात नळी घालून दार लावतात आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा उंचावतात. साडू तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावत होते. आयुष्यभर पाइप विकणाऱ्या माणसाला पाइपात पाइप ठेवायची कल्पना पहिल्यांदाच भेटली होती.

अडचण अशी, की अमेरिकन नळी पेटीच्या भात्यासारखी मिटते. गाडीबरोबर आलेली नळी तशीच होती, पण घड्यांवर बारीक भोकं पडलेली. साडूंनी ती बघून “ही काय क्वालिटी आहे?” म्हणत बाजूला टाकली आणि दुकानातून हिरवं तीन इंची सक्शन आणलं. विहिरीवरच्या इंजिनाला लावतात ते. त्याच्यात कडक प्लास्टिकची वेटोळी सळई असते, म्हणून ते शोषताना चेपत नाही. त्याच गुणामुळे ते मिटतही नाही. दहा फुटांच्या सक्शनला दहा फुटांचंच घर लागतं. वाकवून कोंबलं, तर हात सोडल्याक्षणी सरळ होतं आणि समोरच्याच्या नडगीला लागतं. समोर मी होतो.

मग जागेवर बैठक बसली. साडूंचं पहिलं मत टपाचं होतं. वर कॅरिअर आहे, ऊन लागेल, नळी खडखडीत वाळेल. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे ते आमच्या डोक्यावरून न्यायचं?” टप रद्द. मागच्या बाजूला आडवी लावावी, तर गाडीच्या रुंदीत दहा फूट बसत नाहीत, शिवाय मागच्या गाडीवाल्यांनी रस्ताभर काय बघत यायचं, असा मुद्दा माझ्या बायकोनं काढला. आत ठेवायचा तर विषयच नव्हता. उरली गाडीच्या खालची बाजू. पण डाव्या अंगाला दार, म्हणजे चढता-उतरता प्रत्येकानं त्या नळीला ओलांडायचं. राहता राहिलं उजवं अंग, दोन चाकांच्या मध्ये, चेसीला लागून. वर ड्रायव्हरची सीट. ड्रायव्हर म्हणजे साडू. ठराव एकमतानं मंजूर झाला.

सासूबाईंनी एक उपसूचना मांडली. प्यायच्या पाण्याची नळी आणि ही नळी एका कप्प्यात, एका पोत्यात, एका हातात दिसता कामा नये. खालच्या नळीला लावलेला हात वरच्या नळीला लावायचा तर मध्ये साबण. साडू माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना त्यांच्याच मोबाइलमध्ये दाखवलं, की अमेरिकेतले जाणकारही हेच सांगतात: दोन नळ्यांचे कप्पे वेगळे, हातमोजे वेगळे, आणि पाणी भरायच्या तोटीपाशी मैल्याची नळी धुवायची नाही. सासूबाईंनी चष्मा न लावताच मान डोलावली. अमेरिकेला उशिरा का होईना अक्कल आली, एवढाच त्याचा अर्थ होता.

साडूंनी ११० मिलिमीटरचा पाइप काढला. सक्शन तीन इंची, पाइप चार इंची, गणित तोंडपाठ. नळी सुळकन आत गेली आणि शेवटच्या वितीला थांबली. कारण टोकाला टाकीशी जोडायची जी खटक्याची कडी असते ती नळीहून बरीच रुंद. साडूंनी ती ठोकून बसवली. बसली. मग निघेना. एका टोकाला साडू, दुसऱ्या टोकाला दुकानातला पोरगा आणि मधोमध साबणाचं पाणी ओतायला मी, असा तो कार्यक्रम भर मोंढ्यात चालला असताना बियाणं घ्यायला आलेले दोन शेतकरी थांबून बघत होते. एकानं विचारलं, “भाऊ, ह्याच्या डेमोला सबसिडी हाय का?”

शेवटी १६० मिलिमीटरचा तुकडा घेतला, बागेच्या मेन लाइनला जातो तो. एका टोकाला कायमची टोपी, दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रंकेच्या बिजागरीवर दार. उतार मागच्या बाजूला दोन बोटांचा, म्हणजे ओघळ साचणार नाही. तळाच्या भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी, कारण नळीत उंदरानं बाळंतपण केलं तर सासूबाईंना काय सांगायचं? आणि दाराला कुलूप. कुलपाची थट्टा मी केली खरी, पण आमच्याकडे शेतातून मोटार, केबल आणि पाइप कसे जातात हे साडूंना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. चोर आत काय आहे ते बघत नाही, बाहेर पाइप आहे एवढंच बघतो.

चेसीला लावायच्या पट्ट्या वेल्डरकडे करायला दिल्या. जालना सळईचं गाव. इथल्या वेल्डरला हलकं काही करता येत नाही, त्यात त्याला कमीपणा वाटतो. चार किलोच्या पाइपला त्यानं अशा पट्ट्या ठोकल्या, की उद्या गाडी भंगारात गेली तरी नळीचं घर रस्त्यावर तसंच उभं राहील.

पहिली फेरी जांब समर्थला. रामदासांचं जन्मगाव, सासूबाईंची इच्छा, आणि अंतर एका दिवसाचं. अंबडला मत्स्योदरीच्या पायऱ्या चढून झाल्या, चहा झाला, काळी टाकी आपलं काम करू लागली. परतताना एका नाक्यावर गाडी अडवली. हवालदारांनी कागद बघितले, ते ठीक होते. मग ते वाकले.

“हा दुसरा सायलेन्सर हाय का?”

“नाही साहेब. नळी आहे त्यात.”

“पाइपात नळी?”

“हो.”

“आन् नळीत?”

“आत्ता काही नाही,” साडू प्रामाणिकपणे म्हणाले. “परवा होतं.”

गाडीखाली कुलूपबंद पाइप आणि मालकाचं हे उत्तर! कोणताही कर्तव्यदक्ष माणूस दार उघडायला सांगेलच. किल्ली सासूबाईंच्या जुडग्यात नव्हती. त्या जुडग्यात ती येणं शक्यच नव्हतं. ती स्टिअरिंगखाली वेगळ्या सुतळीला होती. साडूंनी दार उघडलं. हवालदार जेवढे वाकले होते त्याच्या दुप्पट वेगानं सरळ झाले आणि पुढच्या ट्रककडे गेले.

टाकी रिकामी करायला जालन्यात अमेरिकेतलं ते झाकणाचं भोक कुठं मिळायचं? वाई आणि सिन्नरला मैलागाळावर प्रक्रिया करायची केंद्रं आहेत, असं साडूंनी शोधून काढलं आणि लगेच वाईचा ढोल्या गणपती, सिन्नरचं गोंदेश्वर अशी यात्रा आखली. दर्शन आणि विसर्जन एकाच फेरीत. पण टाकी तोवर थांबणारी नव्हती. म्हणून सेप्टिक टँक उपसायची गाडी बोलावली. हातानं मैला उपसायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून ही कामं पंपाच्या गाड्यांनी होतात, निदान व्हायला पाहिजेत. घरापुढे एका गाडीशेजारी दुसरी गाडी लागली. चालकानं आमची टाकी वाकून पाहिली.

“एवढंच? एवढं तर माझ्या नळीतच राहतं.”

पंप सुरू झाला आणि घसा साफ केल्याएवढ्या आवाजात काम संपलं. पैसे पूर्ण खेपेचे. मग साडूंनी त्याला आपलं नळीघर दाखवलं. उतार, जाळी, बिजागरी, सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. त्याची स्वतःची नळी गाडीच्या अंगाला दोन हुकांवर उघडी लटकलेली होती, धुतलेली, वाऱ्यावर. “आमची रोजच लागती,” तो म्हणाला, “कुलूप लावायला टाइम नाही.” पण जाता जाता त्यानं दाराची बिजागरी दोनदा उघडझाप करून पाहिली.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण साबणाच्या दिवशीचे ते शेतकरी परत आले. त्यांच्या गावची दिंडी आषाढीला पंढरपूरला जाते. ट्रकवर राहुट्या, भांडी, मागे पाण्याचा टँकर आणि फिरते संडास. नळ्या दोन प्रकारच्या, ठेवायला जागा एक, आणि दरवर्षी त्यावरून टाळकऱ्यांत भांडण. त्यांना अशी दोन घरं हवी होती. सासूबाईंनी अट घातली, की रात्रीच्या अंधारातही फरक कळला पाहिजे, म्हणून दोन्हींचे रंग वेगळे. प्यायच्या नळीच्या घराला भगवा, यावर सगळे लगेच राजी झाले.

दुसऱ्याला कुठला, यावर दुकानात दोन तास चर्चा झाली. हिरवा म्हटलं तर दोघे एकदम ‘नको’ म्हणाले. निळ्याचं नाव काढताच साडूंनी आधी रस्त्याकडे पाहिलं. पिवळ्याचा भंडारा होतो. पांढरा टोपीचा. लाल कुणीतरी सुचवला, तर कोपऱ्यातले एक जुने कामगार पुढारी ठिबकचा भाव विचारायचं सोडून वळून बघू लागले. पेंटर ब्रश धुऊन बसला होता. शेवटी त्यानंच पाइपावर हात फिरवला.

“भाऊ, कंपनीतूनच करडा आलाय. करड्याचा अजून कुणी पुढारी नाही. हाय तसाच राहू द्या.”