दादांचं चौथं प्रकरण

प्रिन्स्टन विद्यापीठात गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला दोन्ही हातांवर पिझ्झ्याच्या खोक्यांची चळत, काखेत कागदी प्लेटा आणि दातांत दार उघडायचं कार्ड धरून कुणी वसतिगृहाच्या दाराशी कोपराने झटापट करताना दिसला, की ओळखावं, हा आरजीएस. म्हणजे रेसिडेंट ग्रॅज्युएट स्टुडंट. त्याच्या बरोबरीचे बाकीचे पीएचडीवाले त्या वेळी प्रयोगशाळेत असतात, ग्रंथालयात असतात किंवा बारमध्ये असतात. पण कुठे का असेनात, 'यातला ग्लुटेन नसलेला कुठला?' असं त्यांना कुणी विचारत नसतं.

व्यवस्था अशी आहे. प्रिन्स्टनला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक पोराला रेसिडेन्शियल कॉलेजात राहावंच लागतं. तिथे कॉलेज म्हणजे फळा-खडू-हजेरी नव्हे. खोल्या, मेस, बसायउठायच्या जागा, आणि या सगळ्यावर एक प्राध्यापक प्रमुख आणि एक डीन. बटलर, फोर्ब्स, व्हिटमन अशी त्यांची नावं. या पोरांमध्ये मूठभर पीएचडीचे विद्यार्थी आणून सोडतात. त्यांनी तिथेच राहायचं, पोरांत बसून जेवायचं, अधूनमधून कार्यक्रम करायचे आणि अडल्यानडल्याला वाट दाखवायची. मोबदल्यात मेसचं जेवण. जेवण फुकट मिळत असेल तर पीएचडीचा माणूस सिंहालाही अभ्यासाला बसवेल.

आरजीएस कुठल्याही देशाचा आणि कुठल्याही विषयाचा असतो. माझ्या पाहण्यातले सांगलीचे. कॉलेजातल्या दोनचार मराठी पोरांमुळे त्यांचं नाव 'दादा' पडलं आणि मग कोरियन, नायजेरियन, टेक्सासचे, सगळेच त्यांना 'डाडा' म्हणू लागले. आपणही दादाच म्हणू. दादांचं पाचवं वर्ष चालू आहे. बहुतेक विभागांत विद्यापीठाचा पैसा पाच वर्षांपुरताच असतो, त्यामुळे हे वर्ष जरा नाजूक. प्रबंधाची तीन प्रकरणं झाली आहेत, चौथं अडलं आहे. का अडलं ते विचारायचं नसतं, हे कॉलेजातल्या पोरांना ऑगस्टअखेरच समजतं.

मार्गदर्शनासाठी म्हणून कुणीही येत नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. 'संशोधनाचा विषय कसा निवडावा' अशी चिठ्ठी दारावर लावली की एक मुलगा येतो, तोही खोली चुकून. पिझ्झ्याला मात्र दहा-पंधरा येतात, समोशांना तीस आणि बबल टी म्हटलं की ज्यांचं कॉलेजच वेगळं आहे तेसुद्धा येतात. याला 'स्टडी ब्रेक' म्हणतात. यात ब्रेक असतो हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

पण खरी गंमत पिझ्झा संपल्यावर असते. सगळे पांगतात. एक पोरगी उरते. रिकाम्या खोक्यातलं वाळकं चीज नखाने खरवडत उभी असते. दादा प्लेटा गोळा करतात, टेबल पुसतात, पुसलेलं टेबल पुन्हा पुसतात. मान वर करायची नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखलेलं आहे. मग ती खोक्याशीच बोलल्यासारखं म्हणते, "ऑर्गो जमत नाहीये." ऑर्गो म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री. डॉक्टर व्हायला निघालेली निम्मी पोरं इथे येऊन आपल्याला कवितेची आवड असल्याचा शोध लावतात. ही पोरगी आपल्या शाळेतली पहिली. आयुष्यात प्रथमच तिला बत्तीस मार्क पडले आहेत आणि हे कुणाला सांगायचं असतं हेच तिला माहीत नाही.

प्राध्यापकाकडे जायला ती घाबरते. प्राध्यापक चांगला आहे, पण गेल्या वीस वर्षांत त्याला कुणी नापास होताना पाहिलेलं नाही. दादा आज दुपारीच नापास झालेत. गाईडने तीन पानांवर तिरकी रेघ मारून खाली 'हे का?' एवढंच लिहिलंय. एवढ्या ताज्या अनुभवाचा माणूस अख्ख्या आवारात दुसरा नाही. म्हणून दादा जे बोलतात ते तिला पटतं. माझ्या मते या योजनेचं सगळं मर्म इथे आहे, माहितीपत्रकात ते छापता येत नाही इतकंच.

सल्ला उत्तम असतो. "रोज थोडं कर. वाईट झालं तरी कर. सरांना टाळू नकोस. काहीच झालं नसेल तर जाऊन तसं सांग, पण तोंड लपवू नकोस." पोरगी हे फोनमध्ये टिपून घेते. याच दादांना मागच्या मंगळवारी फायरस्टोन ग्रंथालयात समोरून गाईड येताना दिसले, तेव्हा ते मध्ययुगीन चर्चच्या कायद्यांच्या कपाटामागे उभे होते. त्यांचा विषय द्रवांचं भौतिकशास्त्र आहे.

प्रिन्स्टनला पदवीच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी 'सीनियर थिसिस' लिहावा लागतो, आणि त्याची रंगीत तालीम म्हणून तिसऱ्या वर्षात 'जेपी', म्हणजे ज्युनियर पेपर. त्यामुळे दादांनी पहिल्या वर्षी ज्यांना पिझ्झा चारला ती पोरं बघता बघता प्रबंध बांधून मोकळी होतात. दर वसंतात कुणीतरी जाड पुठ्ठ्याचं बाड घेऊन येतं आणि आभाराच्या पानावरचं त्यांचं नाव दाखवतं. अशा आभारांच्या पानांवर दादा भरपूर छापून आले आहेत. एकदा गणिताच्या एका आगाऊ मुलाने त्यांना सांगितलं, की जॉन नॅश याच विद्यापीठात होता, 1950 साली त्याने पीएचडी मिळवली आणि प्रबंध होता 28 पानांचा. दादा म्हणाले, "माहितीये." त्या मुलाला पुढचे दोन गुरुवार पिझ्झ्याचा कडेचा तुकडा मिळाला.

या जमातीमागे एक जुनं भांडण आहे. वुड्रो विल्सन प्रिन्स्टनचे अध्यक्ष असताना त्यांनी 1905 साली पन्नासच्या आसपास तरुण शिक्षक एकदम नेमले. व्याख्यानं ठोकण्यापेक्षा त्यांनी पोरांच्या छोट्या गटांत बसून वाचलेल्यावर बोलावं, ही कल्पना. त्या तासाला 'प्रिसेप्ट' म्हणतात, तो आजही चालतो. दोन वर्षांनी विल्सननी सगळ्या वर्षांची पोरं आणि तरुण शिक्षक एकाच चौकात राहतील, जेवतील अशी योजना मांडली. माजी विद्यार्थी खवळले, कारण त्यांचे लाडके ईटिंग क्लब, म्हणजे जेवणाचे खासगी क्लब, त्यात बुडणार होते. योजना बारगळली. मग पीएचडीवाल्यांना ठेवायचं कुठे, यावरून जुंपली. विल्सन म्हणत, आवाराच्या मधोमध, पोरांच्या डोळ्यांसमोर. डीन अँड्र्यू वेस्ट म्हणत, लांब, गोल्फच्या मैदानाकडे. 1910 साली आयझॅक वायमन नावाचे एक माजी विद्यार्थी वारले आणि ग्रॅज्युएट कॉलेजासाठी मोठी इस्टेट ठेवून गेले. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीत वेस्टसाहेब होतेच. तंटा संपला. विल्सन बाहेर पडले, न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले, मग राष्ट्राध्यक्ष. वसतिगृहाच्या जागेवरून हरलेल्या माणसाला पुढे अख्खा देश चालवावा लागला. (त्यांच्या वंशद्वेषी धोरणांमुळे विद्यापीठाने 2020 साली त्यांचं नाव एका कॉलेजावरून काढलं, ते बरंच केलं.) इकडे 1913 मध्ये गोल्फच्या मैदानालगत गॉथिक कमानींचं ग्रॅज्युएट कॉलेज उभं राहिलं. वेस्टसाहेबांचा पुतळा तिथल्या चौकात आजही ऐसपैस बसलेला आहे. कित्येक दशकांनी रेसिडेन्शियल कॉलेजं आली आणि लांब पाठवलेल्यांतले काही जण परत बोलावले गेले. फक्त येताना पिझ्झा आणायची अट पडली.

मेसमध्ये दादा कुठल्याही टेबलावर बसतात, लग्नाला आलेल्या लांबच्या मामासारखे. कुणाच्या बाजूचे ते नक्की नसतं, पण पान वाढलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटतं हे प्राध्यापक, प्राध्यापकांना वाटतं हे विद्यार्थी आणि मेसच्या मावशींना तेवढं खरं माहीत असतं. त्या भात जास्त वाढतात.

मराठी पोरांचं एक वेगळं खातं दादांकडे चालतं. एडिसन गाव तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या एका काकूंची मुलगी दादांच्या कॉलेजात आहे. काकूंनी पहिल्याच दिवशी नंबर घेतला.

"जेवते ना रे ती?"

"जेवते, काकू."

"कुणाबरोबर जेवते?"

"मेसमध्ये सगळेच असतात, काकू."

"आणि मार्कांचं काय?"

इथे दादा 1974 सालच्या कायद्याच्या आड उभे राहतात. अमेरिकेत कॉलेजातल्या मुलाच्या परवानगीवाचून त्याचे मार्क असे कुणाला सांगत सुटता येत नाहीत. मार्क दादांनाही कळत नाहीत, पण ते काकूंना सांगण्यापेक्षा कायदा बरा. काकू विमा कंपनीत कायदेशीर कागदपत्रंच बघतात. त्या म्हणाल्या, "कायदा मार्कांना आहे. चेहऱ्याला नाही. चेहरा कसा आहे ते सांग."

दादा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "गेला आठवडा उतरला होता. आता बरा आहे." रविवारी काकू पुरणपोळ्यांचे दोन डबे घेऊन आल्या. एक मुलीचा. दुसरा देताना त्यांनी विचारलं, "आणि तुझं कधी संपतंय?" पोरं जो प्रश्न टाळतात तो काकूंनी तुपाच्या बाटलीसकट टेबलावर ठेवला. दादांना एकदम मीटिंग आठवली.

सत्राच्या शेवटी 'डीन्स डेट' येते. लेखी काम देण्याची शेवटची मुदत, संध्याकाळी पाच. आदल्या मध्यरात्री पोरं होल्डर नावाच्या चौकात जमतात आणि मोकळा गळा काढून किंचाळतात. ही तिथली जुनी प्रथा आहे, 'होल्डर हाउल'. दादा पोरांना सोबत म्हणून जातात, हातात बिस्किटांचा पुडा. यंदा बारा वाजले, शेदोनशे पोरं जीव तोडून ओरडली, दमली, हसली, लॅपटॉप उघडायला परत निघाली. दादा अजून ओरडतच होते.

थांबल्यावर शेजारच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने आदराने विचारलं, "तुमचं उद्या काय द्यायचंय?"

"काहीच नाही," दादा घसा खाकरत म्हणाले. "आम्हाला मुदतच नसते. बिस्किट घे."